नगरसेवक उलट फोन कुणाला करतो, आणि हे शोधायचं कसं

निवडून आलेल्या कुठल्याही माणसाला विचारा की लोक तक्रार घेऊन आले तर तुम्ही दखल घेता का. उत्तर ठरलेलं असतं, आपलं ऑफिस चोवीस तास उघडं, जात-धर्म-पक्ष आपण बघत नाही. मग लोकांना विचारा. ज्याचं काम झालं तो म्हणणार साहेब म्हणजे देवमाणूस, ज्याचं अडलं तो म्हणणार मतं घेतली आणि गायब झाला. आता यातून खरं काय ते काढायचं कसं? राज्यशास्त्रात बरीच मंडळी याच एका प्रश्नाच्या मागे लागलेली आहेत, म्हणजे लोक पत्र लिहितात, फोन लावतात, ग्रामसभेत उभं राहून बोलतात, तर समोरचा लोकप्रतिनिधी नक्की कशाला प्रतिसाद देतो आणि कशाकडे कानाडोळा करतो. मला स्वतःला हा विषय आवडतो तो त्यांच्या निष्कर्षांपेक्षा त्यांच्या युक्त्यांमुळे, कारण ज्या गोष्टीबद्दल सगळेच खोटं बोलतात ती मोजायची कशी हा खरा प्रश्न आहे.

तुम्ही म्हणाल त्यात काय, महापालिकेकडे तक्रारींचा डेटा असतो, कुठल्या वॉर्डात किती तक्रारी आल्या आणि किती सुटल्या ते बघा. पण तक्रार करतो कोण? ज्याला वाटतं की केली तर काहीतरी होईल, तोच. ज्या वस्तीत कित्येक वर्षं कुणी फिरकलेलंच नाही तिथले लोक तक्रार करायचं सोडून देतात, म्हणजे कागदावर ती वस्ती एकदम सुखी दिसते. शिवाय सोसायटीचा सेक्रेटरी तक्रार करतो ती फोटो, तारीख, आधीच्या अर्जाचा नंबर सगळं जोडून, वर ओळखीतल्या कुणाचातरी फोन आधीच गेलेला असतो. त्याचं काम झालं तर ते पत्रामुळे झालं, ओळखीमुळे झालं, की फक्त सोपं होतं म्हणून झालं? आकडे बघून हे कधीच कळणार नाही.

म्हणून मग युक्ती अशी निघाली की पत्र तुम्हीच लिहा. शेकडो, हजारो लोकप्रतिनिधींना अगदी तंतोतंत तेच पत्र पाठवा, फक्त त्यातली एकच गोष्ट बदला, आणि कुणाला कुठलं पत्र जाणार ते संशोधकाने न ठरवता नाणेफेकीवर म्हणजे कॉम्प्युटरच्या रँडम निवडीवर सोडा. आता दोन गटांतल्या नेत्यांमध्ये बाकी सगळं सरासरीने सारखंच असणार, काही आळशी इकडे काही तिकडे, काहींचा पीए हुशार काहींचा नाही, ते सगळं दोन्हीकडे वाटलं जातं. मग उत्तरांमध्ये जो फरक पडेल तो त्या बदललेल्या एका गोष्टीचाच. याला ऑडिट प्रयोग म्हणतात, आणि नोकरीच्या अर्जात नावावरून भेदभाव होतो का ते तपासायला ही पद्धत आधीपासून वापरात होती.

राजकारण्यांवर ती वापरलेला गाजलेला प्रयोग अमेरिकेतला आहे, डॅनियल बटलर आणि डेव्हिड ब्रूकमन या दोघांचा, २०११ साली छापून आलेला. त्यांनी ४४ राज्यांतल्या राज्य विधिमंडळाच्या सदस्यांना, म्हणजे आपल्याकडच्या आमदारांसारख्या लोकांना, ईमेल पाठवले, एकूण साडेचार हजारांहून जास्त. मजकूर साधा होता, मला मतदार नोंदणी करायचीय, कशी करू? निम्म्या मेलखाली नाव जेक म्युलर, जे तिकडे गोऱ्या माणसाचं वाटतं, आणि निम्म्याखाली डीशॉन जॅक्सन, जे काळ्या माणसाचं वाटतं. डीशॉनला कमी उत्तरं आली. फरक प्रचंड नव्हता, काही टक्क्यांचाच, पण गंमत पुढे आहे. तिकडे काळे मतदार बहुतेक डेमोक्रॅटिक पक्षाला मत देतात, तेव्हा रिपब्लिकन आमदाराने डीशॉनला टाळलं तर त्यात निदान राजकीय हिशोब तरी आहे असं म्हणता आलं असतं. पण काही मेलमध्ये पक्ष स्पष्ट लिहूनही फरक गेला नाही, आणि गोऱ्या आमदारांमध्ये दोन्ही पक्षांचे लोक जवळपास सारखेच वागले. उलट अल्पसंख्याक समाजातून आलेल्या आमदारांनी डीशॉनला जास्त उत्तरं दिली.

ब्रूकमनने मग याच धाग्यावर आणखी एक प्रयोग केला, आणि मला विचाराल तर तो पहिल्यापेक्षा हुशार आहे. मेल पाठवणारा काळा माणूस, पण काही मेलमध्ये तो आमदाराच्याच मतदारसंघात राहणारा आणि काहींमध्ये लांबच्या कुठल्यातरी शहरातला. लांबच्या माणसाचं मत आमदाराला कधीच मिळणार नाही, म्हणजे उत्तर देऊन फायदा शून्य. तर बाकीच्या आमदारांचा उत्साह लांबच्या माणसासाठी एकदम घसरला, काळ्या आमदारांचा मात्र त्या मानाने खूपच कमी घसरला. म्हणजे काही प्रतिसाद मतांच्या हिशोबातून येतो आणि काही आतून येतो, आणि हे दोन वेगळे काढून दाखवता येतात. आपल्याकडे आरक्षणाच्या चर्चेत खुर्चीत कोण बसलंय याने काय फरक पडतो असं लोक विचारतात तेव्हा मला हा प्रयोग आठवतो. तसा भारतातला पुरावाही आहेच. पश्चिम बंगालमधला बीरभूम आणि राजस्थानमधला उदयपूर, या दोन जिल्ह्यांत सरपंचपद महिलांसाठी राखीव झालेल्या आणि न झालेल्या ग्रामपंचायतींची तुलना राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी २००४ मध्ये मांडली होती. कुठली पंचायत राखीव होणार ते नेत्यांच्या हातात नव्हतं, आरक्षण यादृच्छिक पद्धतीने पडलेलं, त्यामुळे नाणेफेकीचं काम सरकारनेच करून ठेवलेलं. महिला सरपंच असलेल्या गावांत पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च झाला, आणि दोन्ही जिल्ह्यांत बायकांच्या तक्रारी सगळ्यात जास्त होत्या त्या पाण्याच्याच. बंगालमध्ये तर पंचायतीच्या बैठकांना येणाऱ्या बायकांचं प्रमाणही वाढलं.

आता शहराकडे या. निखार गायकवाड (न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात असतात) आणि गॅरेथ नेलिस या जोडीने देशभरातल्या शहरांतल्या नगरसेवकांवर हाच पत्राचा प्रयोग केला, २०२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पत्र एका रहिवाशाचं, नगरसेवकाकडे नेहमी येतं तसलं काम, खाली मोबाईल नंबर, बघायचं इतकंच की उलट फोन येतो का. बदललेली मुख्य गोष्ट म्हणजे काही पत्रांत माणूस या शहरात नुकताच राहायला आलेला आणि काहींत जुना रहिवासी. नव्याने आलेल्याला फोन लक्षणीयरीत्या कमी आले.

इथे आपल्याला, विशेषतः मुंबई-ठाण्यात वाढलेल्यांना, कारण लगेच सुचतं, भूमिपुत्र विरुद्ध बाहेरचे, आणखी काय. हीच जोडी आधी मुंबईत सर्व्हे करून गेलेली होती आणि सामान्य लोकांच्या मनात कोण आलेलं चालेल कोण नाही यात धर्माचा भाग किती असतो ते त्यांनी दाखवलेलं होतं. पण नगरसेवकांच्या वागण्याला हे नेहमीचं कारण लागू पडत नव्हतं. मग कारण काय निघालं? नगरसेवकाच्या डोक्यात हिशोब असा, की हा नवीन आलाय म्हणजे याचं नाव इथल्या मतदार यादीत नसणार, याचं मत गावाला, मग याच्यासाठी वॉर्ड ऑफिसात फोन कशाला करू. हे तपासायला पुढच्या प्रयोगात नवीन माणसाची इथे मतदार नोंदणी झालेली आहे असं कळेल अशी सोय केली, आणि फरक बऱ्यापैकी भरून निघाला. माणूस तोच, भाषा तीच, फक्त यादीत नाव आहे.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण नगरसेवकाचा अंदाज इथे निव्वळ पूर्वग्रह नाहीये, तो बऱ्याच वेळा बरोबरच असतो. २०११ च्या जनगणनेत जन्मगाव किंवा आधीचं राहण्याचं ठिकाण सोडून आलेले लोक ४५ कोटींहून जास्त होते (त्यात लग्न होऊन सासरी गेलेल्या बायकांचा वाटा फार मोठा, हे आकडा वापरताना लोक विसरतात). कायद्यात १९५० पासून अट आहे की तुम्ही जिथे सर्वसाधारणपणे राहता तिथे नाव हवं, पण भाड्याच्या खोलीत राहणारा माणूस पत्त्याचा पुरावा आणणार कुठून, घरमालक करार करून देत नाही, आणि गावचं नाव काढलं तर रेशन-जमिनीच्या भानगडीत काही अडेल ही भीती वेगळीच. म्हणजे नाव नाही म्हणून नगरसेवक फोन करत नाही, फोन करत नाही म्हणून या शहरातल्या राजकारणाशी आपलं काही देणंघेणं आहे असं त्या माणसाला वाटत नाही, आणि मग नाव नोंदवायला तो कशाला जाईल. निवडणूक आयोगाने गावचं मत शहरातूनच देता यावं म्हणून रिमोट मतदान यंत्राचा नमुना जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना दाखवायला बोलावलं होतं, एका यंत्रावर ७२ मतदारसंघ, पण पक्षांनी विरोध केला आणि ते तिथेच राहिलं. तसंही ते झालं असतं तर गावच्या आमदाराला भाव मिळाला असता, शहरातल्या नगरसेवकाने फोन उचलायचं कारण काही वाढलं नसतं.

ही साखळी तोडता येते का ते गायकवाड आणि नेलिस यांनीच दिल्ली आणि लखनौमध्ये करून बघितलं. २०१९ च्या लोकसभेआधी बाहेरून आलेल्या काही लोकांना (परत रँडम पद्धतीने निवडून) दारात जाऊन नोंदणीची मदत केली, फॉर्म भरून देण्यापासून. या लोकांमध्ये त्या शहरात मतदान करण्याचं प्रमाण साधारण २० टक्के अंकांनी वाढलं, जे अशा कुठल्याही मोहिमेच्या मानाने खूप आहे. आणि लखनौमध्ये ज्या भागांतल्या नोंदणी मोहिमेची माहिती (रँडम निवडून) नेत्यांना कळवली तिथे त्यांनी प्रचारही जास्त जोरात केला. कुणी मोर्चा काढला नाही, निवेदन दिलं नाही, यादी जाड झाली आणि ते नेत्यांना कळलं एवढंच.

आता कुणी म्हणेल की म्हणजे शेवटी हे सगळं मतांचंच, माझ्या पक्षाचा असशील तर काम, नाहीतर चालता हो. तसंही नाही, आणि इथे जेनिफर बसेल यांचं काम वाचण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या प्राध्यापक, नेत्यांच्या मागे दिवसभर फिरून, उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड इथे सर्व्हे करून आणि पत्राच्या प्रयोगासारखाच एक प्रयोग आमदार-खासदारांवर करून त्यांनी दाखवलं की मोठे नेते लोकांची कामं करताना बऱ्याचदा तू कुणाला मत दिलंस हे विचारतच नाहीत. आपल्या डोक्यातल्या चित्राच्या एकदम उलटं. पण विचार केला तर पटतं, आमदाराच्या मतदारसंघात लाखांनी मतदार, समोर आलेला बाबा कुणाचा ते त्याला माहीत नाही, आणि एक शिफारसपत्र देऊन किंवा तहसीलदाराला एक फोन करून जर कदाचित एक घर फुटून आपल्याकडे येत असेल तर स्वस्तात सौदा झाला. गावातल्या सरपंचाचं तसं नसतं, त्याला प्रत्येक घर माहीत, कोण कुणाच्या सभेला गेला तेही माहीत, त्यामुळे अडवणूक खरी तिथे होते. आणि मग खाली अडलेला माणूस वर आमदाराकडे जातो. सकाळी संपर्क कार्यालयाबाहेर जी गर्दी दिसते, दाखला, रेशनकार्ड, हॉस्पिटलचं बिल, पोलीस स्टेशन, तिच्यातला मोठा भाग हा खालच्या दारातून परत पाठवलेल्यांचा असतो, असं त्यांचं म्हणणं.

एक भर माझ्याकडून. आमदाराला तुमचं एकट्याचं मत कळत नसलं तरी तुमच्या बूथचं कळतं, कारण निकालानंतर बूथवार आकडे जाहीर होतात, फॉर्म २० म्हणतात त्याला, आणि प्रत्येक नेत्याच्या पीएकडे तो पाठ असतो. आयोगाने २००८ मध्ये १४ बूथची मतं एकत्र मोजणारं टोटलायझर नावाचं यंत्र सुचवलेलं, विधी आयोगानेही २०१५ मध्ये पाठिंबा दिला, पण केंद्र सरकारने नाही म्हटलं. म्हणजे तुमच्या घरी येऊन पक्ष विचारायची गरज नाही, तुमच्या गल्लीत रस्ता करायचा की नाही ते त्या कागदावरून ठरवता येतं. माणसाचं काम आणि वस्तीचं काम या दोन गोष्टी म्हणूनच वेगळ्या धराव्या लागतात, दाखला पक्ष न विचारता मिळेल पण गटार मात्र बूथ बघून होईल, हे एकाच नेत्याकडे एकाच दिवशी होऊ शकतं.

आतापर्यंत सगळं धरून चाललो की नेत्याला माहीत असतं आणि तो निवड करतो. पण बऱ्याच वेळा त्याला माहीतच नसतं! अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात २००८ मध्ये सरकारी तिजोरीत जास्तीचे पैसे आले आणि त्यांचं काय करायचं यासाठी विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावलं गेलं. बटलर आणि डेव्हिड निकरसन यांनी काय केलं, हजारो मतदारांना फोन करून त्यांचं मत विचारलं आणि मतदारसंघानुसार निकाल काढले, पण ते निम्म्याच आमदारांना पाठवले, कुणाला ते रँडम. ज्यांच्या हातात निकाल होता त्यांनी आपल्या लोकांच्या मताला धरून मतदान केलं, ज्यांना मिळाला नव्हता त्यांच्या मतदानाचा आणि लोकांच्या मताचा मेळ फारसा बसला नाही. म्हणजे निम्म्या आमदारांना लोकांचं ऐकायची तयारी असूनही लोक काय म्हणतात तेच ठाऊक नव्हतं.

आणि अंदाज चुकतो तो एका ठराविक दिशेने चुकतो. ब्रूकमन आणि क्रिस्टोफर स्कोव्हरॉन यांनी अमेरिकेतल्या राजकारण्यांना विचारलं की तुमच्या मतदारसंघात किती टक्के लोक अमुक धोरणाच्या बाजूने असतील, आणि खऱ्या सर्व्हेशी ताडून बघितलं. दोन्ही पक्षांचे लोक आपल्या मतदारांना ते आहेत त्यापेक्षा जास्त उजव्या विचारांचे समजत होते, रिपब्लिकन तर फारच. एक कारण असं दिसतं की संपर्क करणारे लोक एका बाजूचे जास्त होते, आणि जो रोज भेटतो तोच मतदारसंघ वाटायला लागतो. आपल्याकडे असा अभ्यास करायचा तर मी आधी एवढंच मोजेन की सकाळी दहा वाजता ऑफिसात खुर्ची कुणाला मिळते आणि बाहेर उभं कोण राहतं. खुर्चीचं म्हणाल तर त्यावरही प्रयोग झालाय, जॉशुआ कॅला आणि ब्रूकमन यांनी एका संघटनेच्या मदतीने अमेरिकी काँग्रेसच्या १९१ ऑफिसांकडे भेटीची वेळ मागितली, काही ठिकाणी सांगितलं की येणारे लोक स्थानिक मतदार आहेत, काही ठिकाणी सांगितलं की निवडणुकीत देणगी देणारे आहेत. लोक तेच! देणगीदार म्हटल्यावर वरच्या पदावरचा माणूस भेटायला येण्याचं प्रमाण तिप्पट-चौपट झालं. यात आश्चर्य वाटावं असं काही नाही, पण मोजून दाखवलं हे बरं झालं.

या सगळ्या प्रयोगांवर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्हींत दम आहे. एक म्हणजे ही खोटी पत्रं आहेत, ज्या वेळात पीए त्यांना उत्तर देतो त्या वेळात खरा माणूस बाहेर ताटकळलेला असू शकतो, म्हणून आता काम अगदी छोटं ठेवायचं, किंवा खऱ्याच लोकांची खरी पत्रं वापरायची याकडे कल वाढलाय. दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. उलट फोन आला म्हणजे काम झालं असं कुठे आहे? "बघतो, सांगतो, अर्ज देऊन ठेवा" हाही प्रतिसादच मोजला जातो. आपल्याकडचा नेता फोनवर गोड बोलण्यात जगात कुणाला हार जाणार नाही.

आणि प्रतिसाद द्यायला कुणी असावं तर लागतं. मुंबई-पुण्यासारख्या महापालिकांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि पुढची काही वर्षं तिथे नगरसेवकच नव्हते, प्रशासक कारभार बघत होता. ज्याला यादीतल्या मताची पर्वा करायचं कारणच नाही असा माणूस तक्रारींना कसा वागतो, त्याच शहरात, त्याच वॉर्डात, आधी आणि नंतर, हे बघायला याहून चांगली संधी मिळणार नाही. राज्यशास्त्राच्या कुठल्यातरी एमएच्या पोराने यावर बसायला हवं, तक्रारींचे आकडे प्रजा फाउंडेशनसारख्या संस्था वर्षानुवर्षं छापतातच, फक्त तक्रार कोण करतो हा सुरुवातीचा घोळ त्यालाही सोडवावा लागेल.

तो घोळ ॲपने सुटेल असं बऱ्याच लोकांना वाटतं. युगांडामध्ये गाय ग्रॉसमन आणि मॅकार्टन हम्फ्रीज वगैरेंनी खासदाराला एसएमएस पाठवायची सोय करून बघितली, छोट्या प्रयोगात एरवी नेत्यापर्यंत न पोचणारे गरीब लोकही मेसेज करायला लागले, म्हणून मग ती देशपातळीवर नेली, आणि तिथे फार कमी लोकांनी ती वापरली. छोट्या प्रयोगात कुणीतरी समोर बसून समजावून सांगत होतं, देशपातळीवर ते झालं नाही, आणि खासदार उत्तर देईल असा भरवसाही नव्हता. याची दुसरी बाजू ब्रिटनमध्ये दिसली, तिकडे फिक्स माय स्ट्रीट नावाची साइट आहे, खड्डा, बंद दिवा, कचरा काय असेल ते टाकायचं आणि ते स्थानिक कौन्सिलकडे जातं. तिच्या नोंदी तपासल्या तर ज्यांची पहिली तक्रार सुटली ते लोक दुसरी तक्रार टाकण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी जास्त निघाली. पहिली जर तशीच पडून राहिली तर त्यातले बरेच जण पुन्हा आलेच नाहीत, आणि कौन्सिलच्या पुढच्या वर्षीच्या आकड्यांत त्यांच्या गल्लीतून एकही तक्रार नाही असं दिसणार.